न्यायमूर्ती चंदावरकर आणि अध्यक्षांची खुर्ची

बुलढाणा जिल्ह्यातल्या अभ्यासवर्गांत बाबासाहेबांच्या आधीच्या काळाचा विषय निघाला की आपल्या ओठांवर ठरावीक नावे येतात. महात्मा फुले, शाहू महाराज, सयाजीराव गायकवाड, फार तर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. त्यापुढे आपण जात नाही. वास्तविक महात्मा फुल्यांचे चरित्र १९२७ मध्ये लिहून काढणारे पंढरीनाथ पाटील आपल्याच चिखलीचे. माणसांची चरित्रे नीट मांडण्याचे वळण या मातीला आहे. त्याच वळणाने आज आम्ही एका न्यायाधीशाची ओळख करून देणार आहोत. ते आपल्या समाजाचे नव्हते आणि आपल्या चळवळीचेही नव्हते. पण अस्पृश्यांचा प्रश्न राजकारणाच्या दारात पहिल्यांदा येऊन उभा राहिला, तेव्हा सभेच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीवर ते बसलेले होते. त्यांचे नाव सर नारायण गणेश चंदावरकर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चंदावरकर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. आपला बुलढाणा त्या न्यायालयाखाली नव्हता. वऱ्हाड निजामाकडून १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खटल्यांची वरची पायरी नागपूरला होती. तिथे उच्च न्यायालय झाले ते १९३६ मध्ये. मग मुंबईच्या न्यायाधीशाशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो या लेखाच्या शेवटी पुन्हा नागपूरलाच येऊन पोचतो.

होनावरहून मुंबईला

नारायणरावांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी उत्तर कानडा जिल्ह्यातील होनावर येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. १८७८ मध्ये 'इंदुप्रकाश' या पत्राच्या इंग्रजी बाजूचे संपादकपद त्यांच्याकडे आले. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघणारे हे पत्र सुधारकांचे मुखपत्र मानले जाई. विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण यांवर तिथे लढाया चालत. १८८१ मध्ये ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये निवडणूक होती. हिंदुस्थानची बाजू तिथल्या मतदारांसमोर मांडण्यासाठी तिघांना पाठवण्यात आले. बंगालमधून मनमोहन घोष, मद्रासमधून सेलम रामस्वामी मुदलियार आणि मुंबईतून चंदावरकर. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडलेली नव्हती. ते परतले त्याच सुमारास, डिसेंबर १८८५ मध्ये, मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. पंधरा वर्षांनी, १९०० मध्ये, लाहोरच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

काँग्रेसने त्या काळात एक रीत पाडली होती. राजकारणाचे प्रश्न काँग्रेसच्या मंडपात आणि समाजसुधारणेचे प्रश्न मंडपाबाहेर. त्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८७ पासून सामाजिक परिषद वेगळी चालवली. १८९५ मध्ये पुण्यात या परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा देण्यावरून मोठा गदारोळ झाला आणि शेवटी तो मंडप तिला मिळाला नाही. गावाबाहेर महारवाडा ठेवण्याची सवय असलेल्या समाजाने आपल्या राजकारणातही सामाजिक प्रश्न वेशीबाहेरच ठेवला, असे आम्हांला वाटते. चंदावरकर दोन्ही मंडपांत वावरणाऱ्या मोजक्या माणसांपैकी होते.

न्यायासनावर

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. त्याच वर्षी चंदावरकर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. रानड्यांच्या मागे प्रार्थना समाजाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले आणि ते त्यांनी मरेपर्यंत सांभाळले. न्यायासन मिळाले म्हणून सुधारणेचे काम त्यांनी सोडले नाही, ही त्यांची जमेची बाजू.

न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक हिंदू कायद्याचे जाणकार असा होता. मिताक्षरेसारखे मूळ संस्कृत ग्रंथ ते स्वतः वाचत आणि निकालपत्रात त्यांचा अर्थ लावत. शास्त्राला धरून राहायचे, पण त्याचा अर्थ शक्य तितका उदार लावायचा, हा त्या पिढीच्या सुधारकांचा मार्ग होता. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले, तेव्हा या मार्गाला जाहीर उत्तर मिळाले. ज्या ग्रंथात आपले माणूसपणच नाकारलेले आहे, त्याचा उदार अर्थ लावत बसायचे तरी कशासाठी? हा फरक लक्षात ठेवा. पुढे तोच राजकारणातही दिसणार आहे.

त्यांच्या न्यायालयीन कारकिर्दीतली दोन प्रकरणे महाराष्ट्रात फार गाजली. पहिले ताई महाराज प्रकरण. बाबा महाराजांच्या इस्टेटीच्या दत्तकाचा हा वाद, आणि त्यात लोकमान्य टिळक विश्वस्त म्हणून गुंतलेले. १९१० मध्ये न्यायमूर्ती चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांच्यासमोर अपील चालले आणि निकाल टिळकांच्या बाजूच्या विरुद्ध गेला. पुढे १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. दुसरे नाशिक कटाचे. जॅक्सन या कलेक्टरच्या खुनानंतर जो खटला उभा राहिला, त्यासाठी तीन न्यायमूर्तींचे खास न्यायपीठ नेमले गेले. सरन्यायाधीश स्कॉट, चंदावरकर आणि हीटन. याच न्यायपीठाने डिसेंबर १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

या दोन निकालांमुळे राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या गोटात चंदावरकरांचे नाव कधी प्रेमाने घेतले गेले नाही. १९१० मध्येच सरकारने त्यांना सर हा किताब दिला. ते सरकारच्या विश्वासातले होते यात शंका नाही. १९१८ मध्ये बंगालमध्ये विनाचौकशी अडकवून ठेवलेल्या लोकांची प्रकरणे तपासण्यासाठी न्यायमूर्ती बीचक्रॉफ्ट यांच्यासोबत त्यांना नेमले गेले. आठशे सहा प्रकरणे पाहून या दोघांनी सुटकेची शिफारस केली ती फक्त सहा जणांची. आज आपल्यातले कार्यकर्ते खटल्याशिवाय तुरुंगात पडून राहतात तेव्हा आपण आवाज उठवतो. म्हणून हा आकडा आम्ही झाकून ठेवत नाही. दुसऱ्या बाजूला, जालियनवाला बागेच्या हत्याकांडावरील हंटर समितीच्या अहवालाचा निषेध करायला १९२० मध्ये मुंबईत जी जाहीर सभा झाली, तिचे अध्यक्षही चंदावरकरच होते. माणूस एका रंगाचा नसतो.

परळची शाळा

आता आपल्या विषयाकडे येऊ. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे अस्पृश्यांच्या मुलांसाठी एक शाळा सुरू झाली. तीच डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटीची सुरुवात. विठ्ठल रामजी शिंदे हे संस्थेचे सरचिटणीस आणि जीव की प्राण. अध्यक्ष न्यायमूर्ती चंदावरकर. शिंदे वस्त्यांतून हिंडत, मुले गोळा करत, वर्गणी मागत. चंदावरकरांनी संस्थेला आपले नाव, प्रतिष्ठा आणि उच्चभ्रू मुंबईची दारे उघडून दिली. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती महार, मांग, चांभार, भंगी यांच्या मुलांच्या शाळेचा अध्यक्ष होतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढे पुणे, मनमाड, हुबळी, मंगळूर आणि आपल्या वऱ्हाडातही अकोला, अमरावतीला मिशनच्या शाखा निघाल्या. म्हणजे बुलढाण्याच्या शेजारच्या गावांपर्यंत हे काम आले होते.

त्याच वर्षी त्याच परळ भागातल्या एका चाळीत सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंब राहत होते. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होता. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्याचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. हा प्रसंग आपणा सर्वांना पाठ आहे. पण दोन्ही घटना शेजारी ठेवून आपण पाहत नाही. परळमध्ये एकीकडे अस्पृश्यांच्या उद्धारासाठी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली संस्था उभी राहत होती, आणि थोड्याच अंतरावर एका खोलीत दिव्याच्या उजेडात तो मुलगा अभ्यास करत होता, ज्याला पुढे उद्धार हा शब्दच मान्य होणार नव्हता.

१९०९ मध्ये चंदावरकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९१२ मध्ये आर्यन ब्रदरहूडच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. जातिभेद मोडण्यासाठी भरलेल्या या परिषदेनंतर मुंबईत जे सहभोजन झाले, त्यावरून जातींच्या पंचायतींनी मोठा गहजब केला आणि जेवणाऱ्यांवर बहिष्काराचे हत्यार उपसले. त्याच सुमारास चंदावरकर न्यायालयातून बाहेर पडले, काही काळ इंदूर संस्थानचे दिवाण झाले आणि मग पुन्हा मुंबईत सार्वजनिक कामात परतले.

११ नोव्हेंबर १९१७

हा दिवस आपल्या तरुणांनी लिहून ठेवावा असा आहे. भारतमंत्री माँटेग्यू यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली होती. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी लखनौला मिळून एक योजना तयार केलेली होती. ती सर्व समाजांची मागणी आहे असे इंग्रजांना दाखवायचे होते. त्यासाठी अस्पृश्यांचा पाठिंबा लागत होता. जी काँग्रेस बत्तीस वर्षे या प्रश्नावर गप्प होती, तिला अचानक अस्पृश्यांची आठवण झाली ती अशी.

११ नोव्हेंबरला मुंबईत अस्पृश्यांची जाहीर सभा भरली. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. सभेने काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबा दिला. कायदेमंडळात लोकसंख्येच्या प्रमाणात आपले प्रतिनिधी आपणच निवडण्याचा हक्क मागितला. सक्तीचे आणि मोफत शिक्षण मागितले. आणि अस्पृश्यांवर धर्माने आणि रूढीने लादलेली बंधने काढून टाकणे न्यायाचे आहे, असा ठराव काँग्रेसने करावा, ही विनंती पोचवण्याचे काम अध्यक्षांवर सोपवले. त्याप्रमाणे डिसेंबरमध्ये ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने तसा ठराव केलाही. काँग्रेसच्या मंडपात अस्पृश्यतेचा प्रश्न पहिल्यांदा आला तो असा, आणि त्यात चंदावरकरांचा मोठा हात होता. रानड्यांची परिषद ज्या मंडपाबाहेर राहिली, त्या मंडपात त्यांच्या शिष्याने हा प्रश्न नेला, असे म्हणायला हरकत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. आठवडाभरातच मुंबईत अस्पृश्यांची दुसरी सभा झाली. अध्यक्ष होते बापूजी नामदेव बागडे. या सभेने आधीच्या सभेतला पाठिंबा साफ नाकारला. काँग्रेस-लीग योजना आम्हांला मान्य नाही, सत्ता वरच्या जातींच्या हाती जाणार असेल तर आमचे काय, आणि काही हक्क द्यायचेच असतील तर कायदेमंडळात आमचे स्वतःचे प्रतिनिधी द्या, असा या सभेचा सूर होता. मोफत व सक्तीचे शिक्षण याही सभेने मागितले.

दोन सभांचे ठराव शेजारी ठेवून वाचा. शिक्षण दोघांनाही हवे आहे, स्वतःचे प्रतिनिधी दोघांनाही हवे आहेत. वेगळे आहे ते एवढेच, की पहिल्या सभेत या मागण्या दुसऱ्या कोणाच्या योजनेला पाठिंबा देऊन मांडल्या गेल्या, आणि दुसऱ्या सभेत कोणाचीही हमाली न करता. पुढे १९४५ मध्ये, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथाची सुरुवातच बाबासाहेबांनी या दोन सभांपासून केली. काँग्रेसचा तो ठराव कळवळ्यातून आला नव्हता, तो पाठिंब्याचा मोबदला होता, हे त्यांनी कागदपत्रांनिशी दाखवून दिले.

आणि १९१७ हेच ते वर्ष, ज्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना बडोद्यात राहायला घर मिळाले नाही आणि पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले.

मित्राची चूक कुठे झाली

मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारणाची मोठी परिषद भरली. मोठमोठी नावे व्यासपीठावर होती. अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या. टिळकांनी भाषण केले, पण सही केली नाही. बाबासाहेब या परिषदेपासून दूर राहिले.

जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीसमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली. तेव्हा ते सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक होते. अस्पृश्यांना मताचा हक्क हवा, त्यासाठीची अट खाली आणायला हवी आणि प्रतिनिधी त्यांचे त्यांनीच निवडायला हवेत, ही त्यांची मांडणी. मिशनची भूमिका मात्र निराळी निघाली: अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत. म्हणजे आपला आमदार कोण, हे पुन्हा दुसऱ्यांनी ठरवायचे. मे १९२० च्या अखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिथे बाबासाहेबांच्या आग्रहाने या भूमिकेचा निषेध झाला. ज्या मिशनने शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, त्याच मिशनविरुद्ध ठराव करताना अनेकांना जड गेले असेल. पण तो करावा लागला.

चंदावरकर किंवा शिंदे हे कपटी होते असे आम्ही म्हणत नाही. शिंद्यांनी तर आयुष्य वाहून टाकले, वस्तीत कुटुंबासह राहिले. त्यांच्या श्रमाला उणे लेखणे कृतघ्नपणा ठरेल. चूक हेतूत नव्हती. आपण या समाजाच्या वतीने बोलू शकतो, हा जो विश्वास त्यांना होता, चूक तिथे होती. न्यायमूर्ती दोन्ही पक्षांचे ऐकतो आणि निकाल देतो. वर्षानुवर्षे हेच काम केलेल्या माणसाला समाजाच्या प्रश्नातही वरच्या आसनावर बसून निवाडा करण्याची सवय लागते. इथे ज्याला दुखत होते त्याला निवाडा नको होता. त्याला स्वतःचा आवाज हवा होता. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले आणि त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले, ते उगाच नाही.

शेवटची खुर्ची

१९२१ मध्ये नव्या सुधारणांनुसार मुंबईचे कायदेमंडळ अस्तित्वात आले आणि चंदावरकर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ही त्यांची शेवटची मोठी खुर्ची. याच सभागृहात साताऱ्याचे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप हे अस्पृश्य समाजाचे सभासद म्हणून बसले. तेही सरकारने नेमलेले, समाजाने निवडलेले नव्हेत. तरीही चंदावरकरांच्या समोरच्या बाकावर अस्पृश्य समाजातला एक माणूस स्वतःच्या तोंडाने बोलायला उभा राहू लागला होता.

१४ मे १९२३ रोजी बंगळूरला चंदावरकरांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, त्याच सभागृहात सी. के. बोले यांनी ठराव मांडला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. पण मंजूर ठरावाने चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना पायी तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कायदा एका खुर्चीवर तयार होतो आणि हक्क रस्त्यावर मिळवावा लागतो, हे त्या चार वर्षांनी दाखवून दिले.

दोन न्यायमूर्ती

सुरुवातीला आम्ही म्हटले होते, ही गोष्ट नागपूरला येऊन पोचते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखोंच्या समुदायात नागपूर उच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायमूर्तीही होते. भवानीशंकर नियोगी. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवलेले. ज्या न्यायालयाच्या अधिकारात आपला बुलढाणा येत होता, त्या न्यायालयाच्या या माणसाने त्या दिवशी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली.

दोघेही न्यायमूर्ती. दोघेही कुलगुरू. दोघेही वरच्या जातीत जन्मलेले. १९१७ च्या सभेत एक अध्यक्षांच्या खुर्चीवर होता. १९५६ मध्ये दुसरा गर्दीत हात जोडून उभा होता आणि समोर बोलत होते बाबासाहेब. मधल्या चाळीस वर्षांत काय बदलले, हे समजून घ्यायचे असेल तर एवढे एक चित्र पुरे आहे.

आज आपल्या जिल्ह्यात आपल्या प्रश्नांवर सभा होतात, जयंत्या होतात, मोर्चे निघतात. व्यासपीठावर पाहुणे असतात, त्यांतले काही खरोखर मित्रही असतात. त्यांचे स्वागत करू या, चंदावरकरांचेही ऋण मान्य करू या. त्यांच्या शाळेत आपल्यातली मुले पहिली अक्षरे शिकली, हे विसरण्याचे कारण नाही. पण सभेची पत्रिका छापायला देण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एक प्रश्न स्वतःला जरूर विचारावा. ठराव कोणी लिहिला आहे? त्याच्या बदल्यात आपल्याकडून कोणाच्या योजनेवर सही मागितली जात आहे का? ११ नोव्हेंबर १९१७ च्या सभेनंतर आठवड्यातच बापूजी नामदेव बागडे यांच्या सभेतल्या माणसांनी हाच प्रश्न विचारला होता. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. आपल्या राजकारणाची खरी सुरुवात त्यांनी केली, असे आम्ही मानतो.